ओळ संपली की डोळा थांबतो

"नाव?"

"मनं का इनं?" खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्यानं शेजारी उभ्या म्हातारीकडे हनुवटीनं दाखवलं.

"आजारी कोण आहे?"

"हाई."

"मग हिचं सांगा. आणि आबा, टोपी जरा वर करा. तोंडावर आलीय. आवाज आतच अडकतोय."

"ऱ्हाऊ द्या भाऊ. थंडी वाजस."

वैशाख होता. धुळ्याच्या सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर माणसं घामानं निथळत होती आणि तरी त्या रांगेतल्या यच्चयावत पुरुषाची टोपी भुवयांवर आली होती. बायकांचे पदर नाकापर्यंत. लेकरांच्या कपाळावर आयांचे तळवे. रांगेत सातव्या नंबरला एक बी. ए. झालेले मास्तर उभे होते. दर शनिवारी ते शाळेत भोळ्या समजुतींवर बोलत. त्यांनी कपाळावर वर्तमानपत्र आडवं धरलं होतं. ऊन लागतं म्हणाले. खिडकी उत्तरेला होती आणि वर पत्रा होता.

खिडकीच्या आत कौतिक सपकाळे बसला होता. केसपेपरचा कारकून. खिडकीला जाळी, जाळीला ताटलीएवढं भोक, भोकातून कागद बाहेर. नाव, गाव, वय, तक्रार. सोळा वर्षं तो एवढंच विचारत होता आणि एवढंच लिहीत होता. लिहिताना नाक कागदाला टेके. मान डावीकडे कललेली, जणू उजव्या खांद्यावर कुणी काही सांगतंय आणि त्याला ते फारसं पटत नाही. त्याच्या अंगात भिण्यासारखं काही नव्हतं. पाच फूट तीन इंच उंची, धुतलेला सदरा, खिशात दोन टाक.

भीती होती ती त्याच्या डोळ्यांची. ते हलत. जन्मापासून हलत होते. समोरच्याच्या उजवीकडून डावीकडे सावकाश सरकत, मग टचकन उजवीकडे येत, पुन्हा सरकत. थांबणं नाही. समोर माणूस उभा राहिला, की त्याच्या चेहऱ्याच्या वरच्या भागावरून हे डोळे एका रेषेत जात आणि परत सुरुवातीला येत. ज्यानं कधी कुणाला पोथी वाचताना पाहिलंय, त्याला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं.

आणि माणसाच्या कपाळावर वाचण्यासारखं काय असतं, हे खानदेशात लेकरालाही ठाऊक होतं. जन्मानंतर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि जन्माचं सगळं तिथं लिहून जाते. ज्याचं त्याला दिसत नाही, दुसऱ्यालाही दिसत नाही. इतकी वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं. मग सरकारनं खिडकी नंबर एकवर हा माणूस बसवला.

"तो देखस नही," बाया एकमेकींना सांगत, "तो वाचस."

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण एकोणसाठ साली एका गावचे शालिग्राम पाटील खोकल्यासाठी आले. गडी उंचापुरा, पण आवाज पार बसलेला. कौतिकनं तीनदा नाव विचारलं. ऐकू येईना. तेव्हा तो उठला, जाळीच्या भोकाला तोंड लावलं, मान वळवली आणि पाटलांच्या तोंडाजवळ कान नेला. रांगेतल्या सहासात जणांनी पाहिलं, की कौतिकचे डोळे थांबले. टांगलेला दिवा वारा पडल्यावर थांबतो तसे. पाटलांकडे स्थिर पाहत राहिले.

चौथ्या दिवशी पाटील गेले.

दोन महिन्यांत आणखी तिघांवर डोळे थांबले. तिघेही गेले. त्यानंतर नियम पक्का झाला, आणि तो कुठल्याही सरकारी नियमापेक्षा लवकर जिल्हाभर पोचला : ओय सरनी का डोया थांबी जास. ओळ संपली की डोळा थांबतो.

याचे परिणाम चांगलेही झाले. साधं पडसं, पोटात गुबारा, अंगदुखी असली माणसं खिडकीकडे फिरकेनाशी झाली. ओसरीवरची गर्दी कमी झाली. तालुक्याचं आरोग्य सुधारत असल्याचं वरून एक पत्र आलं. भिका कंपाउंडरनं ते कौतिकला वाचून दाखवलं.

"हे तुमच्या डोळ्यांचं काम आहे, कौतिकभाऊ. बढती मागा."

"भिका, मला खरंच काही दिसत नाही रे."

"मला सांगता? मी तर तुमच्यासमोर टोपीशिवाय येतो." हे खरं होतं. पण भिका येई तो नेहमी पाठमोरा.

कौतिकला या सगळ्यात एक गोष्ट जास्त टोचे. छप्पन साली तो नागपूरला जाऊन आला होता. आल्यावर बायकोच्या माहेरचे देवांचे टाक आणि देव्हारा त्यानं स्वतः पांझरा नदीत सोडला. ज्या बाईचं नावही आता घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं, तिचं अक्षर वाचण्याची नोकरी जनतेनं त्याच्यावर सोपवली होती. तो नाही म्हणे. लोक मान डोलावत. असं कोण कबूल करतं, हेही लोकांना ठाऊक होतं.

घरात या गोष्टीला हसत. बायको सुगंधाबाई म्हणे, "मनं कपाय तर वाचा, पुढल्या जन्मी तरी बरा नवरा शे का." त्या घरात कुणाला भीती नव्हती. चौसष्ट सालच्या श्रावणापर्यंत.

त्या श्रावणात सुगंधाबाईला कावीळ झाली. सतराव्या दिवशी, दुपारी, ती काहीतरी पुटपुटली. कौतिक खाटेजवळ खाली बसला. ऐकू येईना म्हणून तिच्या चेहऱ्याशी चेहरा नेला. नवऱ्यानं बायकोकडे भर उजेडात इतक्या जवळून पाहण्याची पद्धत त्यांच्या घरातच काय, गल्लीतही नव्हती. वीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचा चेहरा प्रथम नीट पाहिला. डाव्या भुवईत एक तीळ होता. तो त्याला माहीतच नव्हता.

सुगंधाबाईही त्याच्याकडे पाहत होती.

"थांबनात व," ती म्हणाली. "कसा चांगला डोया शेत तुम्हना."

उंबऱ्यात तेरा वर्षांची मंदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं आईला पाहिलं नाही. तिनं बापाचे डोळे पाहिले.

दिवेलागणीला सुगंधाबाई गेली. त्या दिवसापासून मंदा बापाशी बोलताना खाली बघे. मंदा रागावलेली नव्हती, अबोला तर नव्हताच. भाकर गरम वाढे, सदऱ्याची गुंडी लावून देई. पण वाढताना हात लांब करी आणि चेहरा मागं ठेवी. सतरा वर्षांची झाल्यावर तिचं लग्न पाचोऱ्याच्या जीवराम अहिरेशी झालं. जीवराम रेल्वेत खलाशी. निघताना ती बापाच्या पाया पडली, आणि उठताना पदर भुवयांवर ओढून उठली.

त्याच वर्षी दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आले. अभयकुमार, धुळ्यातल्याच एका मारवाडी कापडवाल्या घरचे, मुंबईहून शिकून आलेले. पहिल्याच दिवशी ते खिडकीतून आत डोकावले. टोपी नव्हती, कपाळ उघडं होतं. रांगेत हळहळ झाली. इतका तरणा माणूस.

"कौतिकराव, मान डावीकडे का?"

"सवय आहे साहेब."

"सवय नाही. तिथं तुमचे डोळे विसावतात. जरा आत या."

अंधाऱ्या खोलीत अभयकुमारांनी त्याला स्टुलावर बसवलं. त्याची मान सरळ केली, डोळे भराभर पळू लागले. मान डावीकडे वळवली, मंदावले. मग स्वतःचं बोट त्याच्या नाकाशी आणलं. थांबले.

"याला निस्टॅगमस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "डोळा एका जागी धरून ठेवण्याचं काम मेंदूचं. तुमचा ते जन्मापासून नीट करत नाही. घाबरलात, थकलात की जास्त हलतात. मान अमुक कोनात ठेवली की कमी. अगदी जवळचं पाहताना सगळ्यात कमी. बरं होत नाही, पण वाढतही नाही. त्यानं कुणी मरत नाही."

"मी मरत नाही, हे मला ठाऊक आहे साहेब," कौतिक म्हणाला. "मी ज्यांच्याकडे बघतो त्यांचं सांगा."

त्यानं सगळं सांगितलं. पाटील, ते तिघे, नंतरचे. सुगंधाबाईचं सांगितलं नाही. डॉक्टर पेन्सिल चावत ऐकत राहिले.

"तुम्ही जाळीजवळ केव्हा जाता?"

"ऐकू आलं नाही की."

"आणि ऐकू केव्हा येत नाही?"

कौतिकनं मनात एकेकाला पुन्हा खिडकीपुढं उभं केलं. ज्याच्यात बोलण्याचं बळ उरलेलं नाही, त्याचं ऐकू येत नाही. त्याच्याकडे तो वाकतो. वाकला की डोळे थांबतात. आणि ज्याच्यात बोलण्याचं बळ उरलेलं नाही, तो...

"म्हणजे लोक अगदीच चुकत नव्हते," अभयकुमार हळू म्हणाले, आणि आपण काय बोललो हे लक्षात आल्यावर हसले. कौतिकला हसू आलं नाही. सोळा वर्षं तो म्हणत आला होता की यात काही नाही. आता एका शिकलेल्या माणसानं कारणासकट सांगितलं होतं, की आहे.

डॉक्टरांनी आरसा दिला. "काय दिसतं?"

"डोळे."

"हलतात?"

"नाही. गप आहेत."

"हलतायत. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना ते आरशात दिसत नाही."

कौतिकनं पुन्हा पाहिलं. आरशातले दोन डोळे त्याच्यावर रोखलेले होते, एकदम स्थिर. खिडकी नंबर एकच्या नियमानं तो पहिल्या दाढीलाच मरायला हवा होता.

"घराण्यात आणखी कुणाला? आईच्या वडिलांना?"

आईचा बाप भगत होता. त्याच्या डोळ्यांत देवी येई. डोळे फिरू लागले की चार गावची माणसं जमत, नारळ फुटत. कौतिकनं ते सांगितलं आणि सांगता सांगता थांबला.

"हं," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याचदा असंच येतं. मुलगी स्वतः ठणठणीत असते. तिच्या मुलात उतरतं. मूलबाळ?"

"एकच मुलगी. दिलीय पाचोऱ्याला."

अभयकुमारांनी पेन्सिल खाली ठेवली. "मुलगा झालाच, तर त्याला हे असण्याची शक्यता रुपयात आठ आणे," ते म्हणाले, आणि त्यांनी कौतिकच्या नजरेला नजर दिली नाही. खिडकीबाहेरची माणसं देत नसत, तशीच.

मंदा तेव्हा बाळंतीण व्हायची होती. ज्याचा पाळणाही बांधलेला नव्हता, त्याचं कपाळ या टाय लावलेल्या माणसानं वाचून दाखवलं होतं.

मुलगा झाला. नाव सुमेध ठेवलं. तीन महिन्यांनी मंदाचं कार्ड आलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, बाळाचे डोळे तुमच्यासारखे आहेत. पुढं आपण खुशाल आहोत असं होतं, पण ते अक्षर वेगळ्या हाताचं वाटत होतं.

कौतिक दोनदा पाचोऱ्याला जाऊन आला. दोन्ही वेळा मंदानं मूल चुलीपलीकडे घेऊन बसवलं. "आबा, लांबून पहा," ती म्हणाली. एवढंच. लांबून त्याला मूल म्हणजे एक गव्हाळ ठिपका दिसला, वर काळं टोपडं. त्यानं लांबूनच टाळ्या वाजवल्या.

सुमेध सव्वा वर्षाचा झाला तेव्हा दुसरं कार्ड आलं. बाळ मान उजवीकडे वाकडी ठेवतो. सासूबाईंनी तेल चोळून पाहिलं. आता हाडवैद्याकडून कामट्यांचा पट्टा बांधून घेतलाय, मान सरळ राहावी म्हणून. बाळ भिंतीला धडकतो. दिवसभर रडतो. तुम्ही या.

शेवटचे दोन शब्द शाईनं नव्हे, पेन्सिलीनं लिहिलेले होते. मागाहून.

कौतिकनं अभयकुमारांकडून साध्या मराठीत चिठ्ठी लिहून घेतली : मुलाची मान वाकडी नाही. त्या कोनात त्याचे डोळे स्थिर होतात आणि त्याला दिसतं. पट्टा ताबडतोब काढावा. खाली सही, शिक्का. सकाळच्या गाडीनं चाळीसगाव, तिथून पाचोरा. घरी पोचला तेव्हा जीवराम पाळीवरून येऊन आंघोळ करत होता. सुमेध भिंतीला पाठ लावून बसला होता. गळ्याभोवती बांबूच्या कामट्या, त्यावर फडकं. मान भाल्यासारखी ताठ. तो रडत नव्हता. रडून झालेलं होतं.

जीवरामची आई द्रौपदाबाई चुलीशी होती. तिनं व्याह्याला पाहून पदर ओढला. रीत म्हणून एकदा आणि मग आणखी एक वीत.

कौतिकनं चिठ्ठी वाचून दाखवली. नाक कागदाला लावून, एकेक शब्द सुटा करून. द्रौपदाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"डागदर चांगला दिखस," ती म्हणाली. "लगीन व्हयेल शे?"

"झालंय. याहीन, पट्टा काढा."

"डागदर कागदवर लिखस. कागद फाटी जास." ती उठली, कणगीमागच्या कोनाड्यातून एक डबी काढली. त्या कोनाड्याकडे घरात कुणी पाहत नसे. जीवरामनं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली होती, आईनं कणगीमागं आपलं जुनं चालू ठेवलं होतं. दोघांनाही एकमेकांचं ठाऊक होतं आणि घर सुखानं चाललं होतं. डबीतून तिनं चौघडी केलेला कागद काढला. "हाऊ देखा. पाचवीना दिन पोऱ्याना उशाले ठेयेल. टाक बी ठेयेल व्हता. तिनी लिखं. आम्हले दिखत नही. तुम्हले दिखस."

कागद कोरा होता. एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं, बाकी स्वच्छ.

"आई," जीवराम पंचा गुंडाळत म्हणाला, "आबांना त्यात घालू नको. ते मानत नाहीत."

"मी कोठे सांगस का माना? मी सांगस वाचा. ह्यामा लिखेल व्हई का पट्टा काढा, मी आते काढस."

मंदा दारात उभी होती. खाली बघत. आईच्या वेळी उभी होती तशी. मग तिनं मान वर केली आणि पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा बापाकडे सरळ पाहिलं. सुमेधनं बसल्या जागी मान वळवायचा प्रयत्न केला, कामट्या करकरल्या, आणि त्याचा हात हवेत काहीतरी शोधत राहिला.

कौतिकनं तसबिरीकडे पाहिलं. या अंतरावरून त्याला निळा कोट दिसला फक्त.

त्यानं कोरा कागद घेतला.

कागद नेहमीसारखा नाकाशी धरला तर डोळे थांबणार, हे अभयकुमारांनी त्याला शिकवलं होतं. म्हणून तो त्यानं हात ताठ करून लांब धरला. लांबून त्याला काही वाचता येत नसे. कागदावरही काही नव्हतं, त्यामुळे अडचण आली नाही. मान त्यानं मुद्दाम सरळ केली. डोळे सुटले. उजवीकडून डावीकडे, टचकन मागं, पुन्हा. घरात चुलीच्या लाकडाचा तेवढा आवाज होता. द्रौपदाबाईनं हातातली डबी खाली ठेवली. जीवराम, जो मानत नव्हता, त्यानं ओला पंचा डोक्यावर घेतला.

"लिखेल शे," कौतिक म्हणाला. आवाज त्याचा नव्हता, त्याच्या भगत आजाचा होता. तो आपल्या तोंडात कुठं दडलेला होता हे त्याला कळलं नाही. "पोऱ्यानी मान वाकडी ऱ्हाई. तठेच त्याना उजेड शे. हाऊ शायमा जाई, लिखी, वाची. सगयासमोर बसाडा." तो थांबला. द्रौपदाबाईला तो ओळखून होता. एवढ्यावर ती महिनाभर विचार करील. "आनि जो कोनी ती मान सीधी कराले जाई, त्यानी सोतानी वाकडी व्हई."

मग त्यानं कागद हळूहळू जवळ आणला, मान डावीकडे कलवली. डोळे मंदावले. थांबले.

ओळ संपली होती.

द्रौपदाबाईनं स्वतःच्या हातानं फडकं सोडलं. गाठ सुटेना तेव्हा दातानं सोडलं. कामट्या खाली पडल्या.

सुमेध क्षणभर तसाच राहिला. मग त्याची मान आपोआप उजवीकडे वळली, थोडी खाली झुकली आणि त्या कोनात जाऊन बसली. पेटीचं झाकण बसतं तशी. त्यानं समोर पाहिलं. कौतिकच्या सदऱ्याची पितळी गुंडी त्याला दिसली असावी. तो रांगत आला, धरून उभा राहिला, गुंडीला हात घातला, आणि वर तोंड करून बघितलं.

कौतिकनं मंदाकडे पाहिलं. ती लांबून म्हणेल म्हणून वाट पाहिली.

"धरा ना आबा," मंदा म्हणाली. "पडेल तो."

त्यानं उचलला. तेव्हा त्याला ते डोळे दिसले. उजवीकडून डावीकडे, टचकन मागं. पन्नाशीला आलेल्या कौतिकनं जगाला भिववणारी ती गोष्ट प्रथमच पाहिली. पोरगं त्याचं कपाळ वाचत होतं. पहिल्या अक्षरापासून, सावकाश, काही न गाळता. त्यानं टोपीकडे हात नेला. टोपी खाटेवर राहिली होती.

मग पोरानं तोंड आणखी जवळ आणलं, आणि त्याचे डोळे थांबले. कौतिकचेही थांबलेलेच होते. दोघं एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले. कुणीही मेलं नाही.

निघताना त्यानं तसबिरीसमोर हात जोडले नाहीत. आज जोडण्यासारखे ते वाटले नाहीत. घरी येऊन दोन दिवस तो जेवला नाही, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि घरात विचारायला कुणी नव्हतं.

पाचोऱ्याची बातमी त्याच्यामागून पुढच्याच गाडीनं आली. कौतिकभाऊनं कबूल केलं. आता रांगेतल्या टोप्या वर सरकल्या. माणसं कपाळं पुढं करून उभी राहू लागली. पुसून, काही तर खोबरेल लावून. ज्यांना काही झालेलं नाही अशीही येऊ लागली. ओसरीवरची गर्दी दुप्पट झाली आणि तालुक्याचं आरोग्य बिघडत असल्याचं वरून पत्र आलं. कौतिक खाली मान घालून लिही. ऐकू आलं नाही तरी वाकत नसे, भिकाला म्हणे, "बाहेर जाऊन विचार काय म्हणतायत." भिका जाई. तोही आता तोंड समोर करून येत होता.

पुढच्या वर्षी, माघात, रांगेत मंदाचा आवाज आला.

"आबा, सासूबाईंना आणलंय. घशात गाठ आहे. जळगावला जवळ पडलं असतं, पण त्या ऐकेनात. म्हणे, याह्याच्या खिडकीवरच जायचं."

तिच्या कडेवर सुमेध होता. मान उजवीकडे. जाळीच्या आत कौतिकची डावीकडे. दोघांमध्ये तारेची जाळी नसती, तर आरसा वाटला असता. पोरानं जाळीतून बोट घातलं. कौतिकनं ते धरलं आणि सोडलं.

द्रौपदाबाई पुढं झाली. ती अर्धी झाली होती. तिनं ओठ हलवले. काहीच ऐकू आलं नाही.

मास्तर आजही होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

कौतिक वाकला नाही. भिकालाही बोलावलं नाही. नाव त्याला ठाऊक होतं. ते लिहिलं. गाव लिहिलं. घशात गाठ, लिहिलं. वय राहिलं. त्यानं टाक शाईत बुडवला आणि रकान्यावर धरून ठेवला.

द्रौपदाबाईनं जाळीचं भोक दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःच तोंड आत आणलं. त्याच्या तोंडासमोर, वीतभर. मग एका हातानं पदर मागं सारला. पुरता, केसांच्याही मागं.

"याही," ती म्हणाली. इतक्या जवळून तो घोगरा श्वास शब्द झाला. "तो कागद कोरा व्हता. माले ठाऊक शे."

कौतिकनं टाक दौतीत ठेवला.

"पट्टा काढाले माले बी कायतरी जोयजे व्हतं. आते मनं वाचा. खरं वाचा."

त्याला मान सरळ करता आली असती. डोळे मिटता आले असते. तिनं सबंध आयुष्यात कुणा परक्या पुरुषापुढं उघडं न केलेलं कपाळ त्याच्यासमोर होतं, आणि डोळे मिटणं बरं दिसलं नसतं. त्यानं मान डावीकडे वळवली, जिथं त्याला दिसे तिथं. डोळे मंदावले आणि थांबले. तिनं ते पाहिलं. रांगेनं पाहिलं. मंदानं पाहिलं आणि या वेळी ती खाली बघितली नाही.

कपाळ सुरकुतलेलं होतं. मधोमध गोंदणाचा एक हिरवा ठिपका, लहानपणी टोचलेला, आता पसरून फिका झालेला. आणखी काही नव्हतं. त्यानं तो ठिपका नीट वाचला.

"काय शे?"

"हिरवं आहे," कौतिक म्हणाला.

द्रौपदाबाईनं मान हलवली, जणू तिलाही तेच वाटलं होतं. तिनं पदर जागेवर आणला, केस आत घेतले. कौतिकनं कागद भोकातून पुढं केला. वयाचा रकाना त्यानं कोरा ठेवला होता.

"चार नंबर खोली," तो म्हणाला. "सावकाश जा. पुढं कोण?"